म्हशाची यात्रा : तिथी आधी, सुट्टी नंतर

मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी खांबलिंगेश्वराची, म्हणजेच म्हसोबाची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. गुरांचा बाजार आणि घोंगडी यांसाठी तिचे नाव आहे. खर्डी-शहापूरकडची मंडळी शनिवार-रविवार साधून तिकडे जातात आणि गणित तिथेच चुकते. यात्रा तिथीने भरते. २०२५ साली पौर्णिमा १३ जानेवारीला, सोमवारी होती. २०२६ साली ३ जानेवारीला, शनिवारी. बाजाराचा खरा भर सुरुवातीच्या दिवसांतला. खर्डीच्या एका कुटुंबाने सोयीचा म्हणून पुढचा रविवार धरला, तेव्हा मैदानात खुंटे आणि तुडवलेला पेंढा उरला होता. मुलांना बैल दाखवायला नेले होते; पाळण्यावर भागवावे लागले.

मुरबाडला रेल्वे नाही. खर्डीहून कसारा लाइनची लोकल आसनगावपर्यंतच उपयोगी; पुढे शहापूर, मुरबाड करत रस्त्याने म्हशाला जावे लागते. कल्याणला उतरून मुरबाडची एसटी धरणे लांबचे, पण गाड्यांची वर्दळ त्या रस्त्यावर जास्त. जाताना अडचण फारशी येत नाही, येताना येते. संध्याकाळी यात्रेकरू एकदम परततात, एसटीला रेटारेटी होते आणि जीपवाले सांगतील ते भाडे. रात्री मुक्काम नसेल तर दिवस मावळायच्या आत म्हसा सोडावे. स्वतःची गाडी असली, तरी ती गावाच्या बऱ्याच अलीकडे लावून चालत जाणे शहाणपणाचे.

बाजार पाहायचा तर सकाळी लवकर. खिल्लार ऐटबाज खरे, पण या मुलखाचे जनावर डांगी. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कातडी तेलकट, त्यामुळे घाटाखालचा पाऊस त्याला सोसतो. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात पाहतो. अदात, दोनदाती, चारदाती यावर वय ठरते. मग चालवून बघतो. भाव पुष्कळदा रुमालाखाली बोटे धरून होतो, शेजाऱ्यालाही आकडा कळत नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि पळणाऱ्या बैलाची चौकशी वाढली. केवळ बघायला आलेल्याने किंमत विचारत फिरू नये. हेड्याला, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याला, खरा गिऱ्हाईक लगेच ओळखू येतो आणि त्याचा वेळ मोलाचा असतो. बैलाच्या मागे उभे राहू नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. लंपी या गुरांच्या रोगाच्या साथीत २०२२ मध्ये राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवले होते. म्हणून निघण्यापूर्वी ओळखीच्या माणसाला फोन करून बाजार भरलाय का, याची खात्री करावी.

घोंगडी घेताना ती उन्हात धरून वीण पाहावी आणि हाताने चोळावी. लोकरीची घोंगडी खरखरीत आणि वजनाला भारी असते. मऊ आणि हलकी निघाली तर बहुधा मिलचा धागा. गर्दीत मोबाइलची रेंज जाते, तेव्हा पैसे ऑनलाइन देण्याच्या भरवशावर राहू नये. सुटे पैसे आतल्या खिशात ठेवावेत. पौषातली थंडी संध्याकाळनंतर बोचते, स्वेटर लागतोच.

इथे नवस फेडण्यासाठी पाठीत गळ टोचून घेण्याची जुनी प्रथा आहे. ते पाहणे सर्वांना झेपत नाही. लहान मुलांना त्या बाजूला नेऊ नये, आणि नवसकऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरणे तर असभ्यच.

हाताशी दुसरा दिवस असेल तर सिद्धगडाचा पायथा जवळ आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी तिथे हुतात्मा झाले.

२०२७ साली पौष पौर्णिमा २२ जानेवारीला, शुक्रवारी आहे. बाजार भरात पाहायचा असेल, तर त्याच आठवड्याचा शनिवार, २३ जानेवारी, धरावा.