अंधाराची के.टी.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी इंग्लिश मीडियमवाला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ केलेला 'माझा आवडता ऋतू'. त्यामुळे या लेखात शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि दिसल्या नाहीत तर संपादक मंडळाचे आभार!

दुसरी कबुली जरा अवघड आहे. अगदी गेल्या वर्षापर्यंत मी अंधाराला घाबरायचो. भुताला म्हणा, चोराला म्हणा, नक्की कशाला ते मलाही सांगता येत नव्हतं. रूममेट गावी गेला की मी रात्रभर ट्यूबलाईट चालू ठेवून झोपायचो. विंगमधल्या सगळ्यांना वाटायचं, काय अभ्यास करतो हा! रिझल्ट लागला की मात्र त्यांना कोडं पडायचं.

ट्रेकला मी जायचो. पण दहा जणांच्या ग्रुपमध्ये शेकोटी, गाणी आणि घोरणं यांच्यात अंधार कुठे सापडतो? म्हणून ठरवलं, एक रात्र एकट्याने रानात काढायची. हा लेख त्याबद्दल आहे. प्रवासवर्णनापेक्षा याला अभ्यास म्हणा. पहिल्या अटेम्प्टला मी नापास झालो, दुसऱ्याला पास. मधल्या दोन महिन्यांत जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिला अटेम्प्ट

जागा निवडली राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण पंधरा-सोळा किलोमीटरची चाल, बरीचशी सपाटीची. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे छोटं गाव आहे. गडावर तंबू ठोकायचा नव्हता. एका घरी जेवलो आणि तिथल्या मामांना विचारून गावापासून पंधरा मिनिटांवरच्या त्यांच्या भातखाचरात तंबू लावला. डिसेंबर महिना, भात कापून झालेलं, तिन्ही बाजूंनी झाडी. मामांनी फक्त एवढंच विचारलं, "एकटाच का रं?" मी हसून मान हलवली. हिरो!

साडेआठपर्यंत हिरो होतो. मग वाळलेल्या पाचोळ्यात काहीतरी चालायला लागलं. चालणार, थांबणार, परत चालणार. टॉर्च मारला की शांत, बंद केला की सुरू. नंतर तंबूच्या अगदी जवळ कुरकुर आवाज. आणि साडेदहाच्या सुमाराला दरीच्या बाजूने लांबच लांब, खोल गुरगुर. झालं! बॅग, तंबू, बूट सगळं तिथेच टाकून मी सँडलवर गावाकडे पळत सुटलो. वाटेत बांधावरून पडलो, गुडघा फुटला.

मामा ओट्यावर उठून बसले.

"काय दिसलं का?"

"नाही मामा. ऐकू आलं."

"दिसलं न्हाय ना? मंग सकाळी बघू."

मावशींनी गुडघ्याला हळद लावली, चहा दिला. चहा पीत असतानाच परत तीच गुरगुर आली. मी दचकलो. मामा शांतपणे म्हणाले, "मालगाडी हाय ती. घाट चढतीया."

सकाळी मामा माझ्याबरोबर खाचरात आले. तंबूच्या बाहेरच्या कप्प्यात मी लोणावळ्याची चिक्की ठेवली होती. पुडा कुरतडलेला, शेंगदाण्यांचा चुरा आणि बाजूला उंदराच्या बारीक लेंड्या. म्हणजे माझा बिबट्या चिक्की खाऊन गेला होता! मामा हसले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पण परत येताना एसटीत एक गोष्ट डोक्यात आली. त्या रात्री मला झालेली एकमेव इजा म्हणजे गुडघा, आणि तो रानाने फोडला नव्हता. मी पळालो म्हणून फुटला होता.

मधला अभ्यास

एखादं सर्किट चाललं नाही तर आपण त्याला शिव्या देत बसत नाही, एकेक ब्लॉक तपासतो. तसंच केलं. तीन ब्लॉक निघाले : कान, डोळा आणि मेंदू.

कान : रात्री मालगाडी एवढी जवळ का वाटली? दिवसा जमीन तापलेली असते आणि वर जावं तशी हवा थंड होत जाते. थंडीच्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होतं. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची हवा त्यामानाने उबदार राहते. आवाजाचा वेग शून्य अंश तापमानाला सेकंदाला सुमारे 331 मीटर असतो आणि दर अंशाला साधारण 0.6 मीटरने वाढतो. म्हणजे वर वेग जास्त, खाली कमी. मग बारावीला प्रकाशासाठी शिकलो तेच अपवर्तन इथे होतं, आवाजाची लाट खालच्या बाजूला वळते आणि लांबचा आवाज जमिनीलगत आपल्यापर्यंत पोचतो. त्यात कर्जत-लोणावळा घाटाचा चढ 37 ला 1. गाड्यांना मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. गुरगुर होणारच!

पाचोळ्याचंही तसंच. वाळलेल्या पानांवर चाललेला उंदीर दिवसा ऐकूच येत नाही, कारण बाकीचा गोंगाट असतो. रात्री तो गोंगाट शून्यावर येतो. आवाज तेवढाच राहतो, पण आपल्याला मोठा वाटतो.

डोळा : आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे बघतात, दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात. दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढरा झगझगीत टॉर्च एकदा मारला की सगळं परत पहिल्यापासून. मी दर दोन मिनिटांनी टॉर्च मारत होतो, म्हणजे स्वतःला आंधळा करून मग अंधाराला घाबरत होतो! लाल प्रकाशाने दंडपेशींचं काम फारसं बिघडत नाही. आणखी एक गंमत म्हणजे नजरेच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच. म्हणून अंधारात एखाद्या गोष्टीकडे थेट रोखून बघितलं तर ती विरघळल्यासारखी दिसेनाशी होते आणि जरा बाजूला बघितलं की परत दिसते. कितीतरी भुतांचा जन्म इथे झाला असेल.

मेंदू : हा ब्लॉक आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या ओळखीचा. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला तर ते विमान आहे की नॉईज? थ्रेशोल्ड खाली ठेवला तर खोटे अलार्म फार, वर ठेवला तर खरं विमान सुटायची भीती. रानात आपल्या पूर्वजांना शंभर वेळा उगाच दचकणं परवडत होतं, एकदा खरा वाघ सुटणं परवडत नव्हतं. त्यामुळे त्यांच्याकडून आपल्याला थ्रेशोल्ड खाली ठेवलेलं यंत्र मिळालंय. रँडॉल्फ नेसी या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी याला स्मोक डिटेक्टरचं तत्त्व म्हटलंय. पोळी करपली तरी तो वाजणार, कारण आग लागल्यावर न वाजण्यापेक्षा ते बरं.

हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मी भित्रा नव्हतो, माझं यंत्र बरोबर चालत होतं. फक्त अलार्म वाजल्यावर काय करायचं याची प्रोसीजर माझ्याकडे नव्हती.

प्रोसीजर

एक : सगळे निर्णय दिवसा घ्यायचे. रात्री अकरा वाजता मेंदू निर्णय घ्यायच्या लायकीचा नसतो. मी वहीत लिहिलं, तंबू कधी सोडायचा : मला लागलं किंवा आजारी वाटलं तर, वणवा दिसला तर, वादळी पाऊस आला तर, कोणी अनोळखी माणूस त्रास देऊ लागला तर. नुसता आवाज आला म्हणून सोडायचा नाही. आणि सोडला तरी चालत जायचं, पळायचं नाही.

दोन : उजेडात जागा बघून घ्यायची. तंबूभोवती मोठी फेरी मारायची, कुठे पाचोळा आहे, कुठली फांदी तंबूला घासेल ते पाहायचं. रात्री लघवीला कुठे जायचं ती वाटसुद्धा दिवसा चालून ठेवायची.

तीन : आवाजांची वही. वेळ, दिशा, आवाज कसा, अंदाज काय. लॅबच्या जर्नलसारखे रकाने. लिहायला बसलं की घाबरायला वेळ कमी मिळतो. टिटवी, पिंगळा आणि रातवा यांचे आवाज आधी मोबाईलवर ऐकून गेलो होतो.

चार : श्वास. आत चार आकडे, बाहेर सहा-सात आकडे. बाहेरचा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके कमी होतात. पाच मिनिटं केलं तरी फरक कळतो.

पाच : खरे धोके वेगळे लिहायचे. ही यादी करताना मला घाम फुटला, कारण त्यातल्या एकाही गोष्टीला मी पहिल्या रात्री घाबरलो नव्हतो! कड्याजवळ अंधारात फिरणं. थंडी आणि कमी पाणी. आणि साप. मण्यार रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरू शकते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. सह्याद्रीत फुरसं, घोणस, नागही आहेत. मी मात्र त्या रात्री तंबूची चेन अर्धी उघडी ठेवली होती, पटकन पळता यावं म्हणून, आणि बंद बूट टाकून सँडलवर पळालो. म्हणून आता चेन पूर्ण बंद, बूट तंबूच्या आत आणि घालण्याआधी झटकून, खाणं सगळं गावात ठेवून यायचं. साप चावलाच तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही. हातपाय स्थिर ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं.

दुसरा अटेम्प्ट

फेब्रुवारीत परत तिथेच गेलो. मुद्दाम शुद्ध अष्टमीची रात्र निवडली. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, म्हणजे अर्धा पेपर सोपा, अर्धा कठीण. मामांना बघून मी जरा ओशाळलो. ते म्हणाले, "आज चिक्की न्हाय ना आणली?"

वहीतल्या नोंदी अशा. 7.20, टिटवी, तळ्याच्या बाजूला. 7.50, रातवा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखं चुक-चुक-चुक. 9.10, पाचोळा, उंदीर (शंभर टक्के). 10.35, मालगाडी! तिचा आवाज आला तेव्हा मला चक्क ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

चंद्र मावळला. 1.10 वाजता झाडीतून कुत्र्यासारखं एकच भुंकणं. थोडं थांबून परत. पण गावातली कुत्री दुसऱ्या बाजूला होती. हे भेकर. आणि भेकर असं भुंकतं ते बहुतेक कशाचा तरी संशय आला की. कशाचा? या रानात बिबट्या नाही असं काही कोणी लिहून दिलेलं नाही.

हृदय कानात वाजत होतं. वही उघडली. लागलंय? नाही. वणवा? नाही. वादळ? नाही. माणूस? नाही. चेन बंद आहे, खाणं नाही, शिट्टी गळ्यात. म्हणजे नियमाप्रमाणे मी इथेच थांबायचं. मोठ्याने खोकलो, मी इथे आहे हे सांगायला. मग श्वास मोजत बसलो. भुंकणं हळूहळू दूर गेलं. 1.50 ला पूर्ण थांबलं.

भेकराने काय पाहिलं मला कळलं नाही, अजूनही माहीत नाही. वहीत 'कारण' या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे. पण त्या प्रश्नचिन्हासकट मला अडीचच्या सुमाराला झोप लागली, आणि या सगळ्या अभ्यासात मला सगळ्यात मोठं वाटलं ते हेच. मी समजत होतो की प्रत्येक आवाजाचं नाव कळलं की भीती जाईल. सगळी नावं कधीच कळत नाहीत. आपण आपली तयारी केलेली असली की एखादं उत्तर कोरं ठेवूनही पास होता येतं.

जाता जाता

हे वाचून कोणी उद्याच सॅक भरू नका. आधी मित्रांबरोबर जा पण वेगळ्या तंबूत झोपा, मग गावाच्या कडेला, मग थोडं लांब. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबू नका. जमीन ज्याची त्याला विचारा. कुठे जाताय, कधी परत येणार हे घरी आणि गावात दोन्हीकडे सांगा. दरीत रेंज नसते. बिबट्याचा वावर नुकताच दिसलाय असं गावकरी म्हणाले तर त्यांचं ऐका आणि ओट्यावर झोपा. तिथे प्रोसीजर चालत नाही.

आणि हो, गेल्या आठवड्यात रूममेट गावी गेला होता. मी साडेअकराला ट्यूबलाईट बंद केली. थोड्या वेळाने कपाटामागे काहीतरी खुडबुडलं. उंदीर असावा. नक्की माहीत नाही. कूस बदलली आणि झोपलो.

सकाळी विंगमधला एक जण काळजीने विचारत होता, "काय रे, अभ्यास सोडलास की काय?"