जत्रेतल्या फोटो-झेरॉक्सच्या गाडीसाठी बॅटरी : जोडणी, वापर आणि चार्जिंग

१२ जानेवारीला सिंदखेडराजा, माघ वद्य सप्तमीला शेगाव, होळीच्या सुमारास सैलानी. बुलढाणा जिल्ह्यात फिरत्या दुकानाचा हंगाम असा सरकत जातो. जनरेटरचा आवाज आणि डिझेल टाळायचं, तर घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवता येते. गाडीची स्टार्टरची बॅटरी मात्र या कामाला लावू नका. ती क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते. तासन्‌तास उपसली की लवकर बसते.

साहित्य : १२ व्होल्ट १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी, ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५ अँपिअरचा बॅटरी चार्जर, ४० अँपिअरचा फ्यूज, १० चौरस मिमीची तांब्याची केबल, मल्टीमीटर, डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोलियम जेली.

कृती

१. आधी हिशेब करा. लॅपटॉप ६० वॅट, इंक टँक प्रिंटर २० वॅट आणि मोबाइल चार्जिंग १० वॅट, हे सहा तास. दोन एलईडी बल्ब मिळून १८ वॅट, पाच तास. एकूण ६३० वॅट-तास. इन्व्हर्टरची घट धरून सुमारे ७४० होतात. त्याला १२ ने भागलं की ६२ एएच. बॅटरी निम्म्याहून जास्त उपसायची नाही, म्हणून १५० एएच. लेझर प्रिंटर या हिशेबात बसत नाही. तापताना तो कित्येक पटींनी जास्त वीज ओढतो.

२. बॅटरी बसवा. वजन पन्नास किलोंच्या वर असतं, दोघांनी उचला. लाकडी फळीवर उभी ठेवून पट्ट्याने आवळा. वर हवा खेळती हवी, कारण चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो. जवळ विडी, उदबत्ती, स्टोव्ह नको.

३. जोडणी करा. हातातलं कडं, घड्याळ काढा. फ्यूज प्लसच्या वायरीवर, बॅटरीच्या शक्य तितका जवळ लावा. आधी प्लस, मग मायनस जोडा. काढताना आधी मायनस. टर्मिनलला जेली लावून वर रबरी टोपी घाला.

४. वेळेवर थांबा. इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत गिऱ्हाईक घेत राहू नका. तो साधारण साडेदहा व्होल्टला तुटतो. तोवर बॅटरी पार रिकामी झालेली असते. काम चालू असताना मीटर ११.८ दाखवू लागला की प्रिंटर बंद करा, फक्त दिवे ठेवा आणि आवरायला घ्या.

५. त्याच रात्री चार्ज करा. १५ अँपिअर म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा. याहून मोठा चार्जर नको. ६२ एएच भरायला आठ-दहा तास धरा, कारण शेवटचा भाग सावकाश भरतो. मध्ये लाइट गेली तर आल्यावर पुन्हा सुरू करा. चार्जर काढल्यावर दोन-तीन तासांनी व्होल्टेज मोजा, १२.५ किंवा जास्त आलं की बॅटरी भरली. रिले लावून चालत्या गाडीवरही चार्जिंग होतं, पण तासाभराच्या प्रवासात फार भर पडत नाही. त्यावर विसंबू नका.

६. पाणी बघा. महिन्यातून एकदा, चार्जिंग संपल्यावर, फ्लोटच्या दोन खुणांच्या मध्ये येईल इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी घालायचा विचारही करू नका. त्यातले क्षार प्लेटा खातात. आरओचं पाणीही चालत नाही. ॲसिड कधीच घालू नका. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच दवाखाना गाठा.

७. हंगाम संपल्यावर. पूर्ण चार्ज करून दोन्ही वायरी काढा आणि बॅटरी सावलीत ठेवा. मलकापूर-नांदुऱ्याकडचा उन्हाळा बंद गाडीत तिला लवकर म्हातारी करतो. दर महिन्याला पुन्हा भरा. अर्धी रिकामी बॅटरी पावसाळाभर कोपऱ्यात पडली, तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुढच्या हंगामात ती चार्ज झाल्यासारखी दिसते, पण दुपारपर्यंतही टिकत नाही.