शिदोरी घेऊन गेलेली मुलगी

पाठ : मत्तय २५:१-१३

दहा कुमारींचा दाखला आमच्या मंडळ्यांस तोंडपाठ आहे. तरी शहाण्या कुमारींनीं आपल्यांतलें थोडें तेल दुसऱ्यांस कां दिलें नाहीं, हा प्रश्न वर्गांत हटकून निघतो. त्या निष्ठुर होत्या काय, असेंही कोणी विचारतो. ह्याचें उत्तर समजण्यास अमेरिकेंतील एका वृद्ध ख्रिस्ती बाईंचें चरित्र उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

सँड्रा डे ओ'कॉनर ह्यांचा जन्म १९३० सालीं झाला. ॲरिझोना व न्यू मेक्सिको ह्या दोन राज्यांच्या सीमेवर त्यांच्या घराण्याचें 'लेझी बी' नांवाचें रँच होतें. रँच म्हणजे गुरें पाळण्याचें रान. पण आमच्या गायरानाएवढें नव्हे. हें सुमारें १,९८,००० एकर होतें आणि त्यांत दोन हजारांहून अधिक गुरें चरत. पाऊस थोडा. पवनचक्कीनें विहिरीचें पाणी उपसावयाचें. चक्की बंद पडली कीं गुरें तहानेनें व्याकुळ. त्यांच्या लहानपणीं घरांत वीज नव्हती, नळ नव्हता, आणि जवळचें गांव सुमारें ३५ मैलांवर. शेजारच नाहीं, तेव्हां उसनें मागावयाचें कोणाकडे? वाडीवस्तीवर राहणाऱ्या वाचकांस हें अधिक सांगावयास नको.

त्या पंधरा वर्षांच्या असतांना एके दिवशीं दूर रानांत गुरें गोळा करण्याचें काम चाललें होतें. कामकऱ्यांची शिदोरी घेऊन त्या एकट्याच मोटार हांकीत निघाल्या. वाटेंत टायर बसला. चाकाचे नट इतके घट्ट कीं हातानें हलेनात. तेव्हां पान्यावर सर्व अंगाचा भार घालून त्यांनीं ते सैल केले, चाक बदललें, आणि उशिरां कां होईना, जाऊन पोंचल्या. शाबासकीची आशा होती. वडिलांनीं एवढेंच सुनावलें कीं, घरून आधींच निघावयास हवें होतें. ही हकीकत त्यांनीं व त्यांच्या भावानें मिळून लिहिलेल्या, २००२ सालीं निघालेल्या पुस्तकांत आहे. वडिलांनीं एक गोड शब्द बोलावयास हरकत नव्हती, असें आमचें मत आहे. मुलें वाढविण्याचा हा कित्ता आम्ही कोणाच्या हातीं देणार नाहीं. तथापि भुकेल्या माणसास शिदोरी वेळेवर पाहिजे असते, उशिराचें कारण नको असतें, हेंही खरें.

पुढें १९५२ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, पण बाईमाणूस म्हणून वकिलीचें काम कोणी देईना. एका सरकारी वकिलाच्या कचेरींत त्यांनीं आरंभीं बिनपगारी काम पत्करलें. १९८१ सालीं त्याच बाई अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या स्त्री-न्यायाधीश झाल्या. सिनेटमध्यें अनुकूल मतें ९९ पडलीं, विरुद्ध एकही नाहीं.

परंतु खरी परीक्षा घरांत झाली. पतीस अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा रोग जडला. त्यांस एकटें ठेवितां येईना, म्हणून बाई त्यांस कांहीं काळ कचेरींत आपल्याबरोबर नेत. शेवटीं त्यांच्या सेवेसाठीं २००६ सालीं न्यायासन सोडलें. पुढें शुश्रूषागृहांत पतीचें मन तेथल्याच एका आजारी स्त्रीवर जडलें. हें २००७ सालीं मुलानें जाहीरपणें सांगितलें, आणि वडील तेथें सुखी आहेत ह्याचें आईस समाधानच आहे, असेंही सांगितलें. वाचकहो, पन्नासांहून अधिक वर्षांच्या संसारानंतर असें बोलण्यास लागणारें तेल त्या रात्रीं कोणत्या शेजारणीनें उसनें दिलें असतें? वर्गांत तो जुना प्रश्न निघाला, तर उपदेशकांनीं हा प्रसंग सांगावा आणि बायांस आधीं बोलूं द्यावें. पुरुषांपेक्षां त्यांस ह्यांतलें अधिक कळतें.

पति २००९ सालीं वारले. पुढें स्वतः बाईंस स्मृतिभ्रंशाचा आरंभ झाला. बहुधा तोच रोग. तेव्हां बोलण्याची शक्ति आहे तोंवरच त्यांनीं २०१८ सालीं एक जाहीर पत्र लिहून लोकांस तें कळविलें व सार्वजनिक कार्यांतून निरोप घेतला. १ डिसेंबर २०२३ रोजीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, त्या मरण पावल्या. त्या एपिस्कोपल मंडळीच्या होत्या. त्यांची अंत्य उपासना त्याच महिन्याच्या १९ तारखेस वॉशिंग्टन येथील नॅशनल कॅथीड्रलमध्यें झाली.