ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेण्याचे शिक्षण

दसरा-दिवाळी आटोपली की राज्याच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. एके काळी ही वाहतूक प्रामुख्याने बैलगाड्यांनी होई. बैलगाडी आजही सर्वस्वी हद्दपार झालेली नाही. तथापि वाहतुकीचा मोठा भार आता ट्रॅक्टरने उचललेला आहे.

यंत्र गावात आले, परंतु ते चालविण्याचे पद्धतशीर शिक्षण त्याच गतीने आले नाही. तरुण मुलगा ट्रॅक्टर चालवावयास शिकतो तो बहुधा शेतात, नांगरट करताना. पुढे नेता आला की चालविता आला, असे मानले जाते. ट्रॉली जोडून मागे घेण्याची वेळ येते ती मात्र अरुंद पाणंदीत, कारखान्याच्या गर्दीने भरलेल्या गाडीतळावर किंवा घराच्या अंगणात. या तिन्ही ठिकाणी माणसांचा वावर असतो आणि चालकाला ट्रॉलीच्या मागचे काहीही दिसत नाही. म्हणूनच हे कौशल्य प्रसंग ओढवल्यावर नव्हे, तर हंगामापूर्वी मोकळ्या जागेत शिकावयाचे असते.

बैलगाडीतील धडा

ट्रॉलीचे मर्म शेतकऱ्याला नवे नाही. बैल सोडलेली गाडी हाताने मागे ढकलून गोठ्याशेजारी लावताना जू धरणारा माणूस काय करतो, हे आठवावे. गाडीचा मागचा भाग डावीकडे न्यावयाचा असेल तर तो जू उजवीकडे ढकलतो. गाडी चाकांच्या आसाभोवती फिरते. म्हणून पुढचे टोक एका बाजूला गेले की मागचे टोक दुसऱ्या बाजूला जाते.

दोन चाकी ट्रॉलीचे वागणे तंतोतंत असेच असते. तिची दांडी म्हणजे गाडीचा धुरा, आणि ट्रॅक्टरचा हूक म्हणजे जू ढकलणारा हात. ट्रॉली डावीकडे वळवावयाची असेल तर मागे जाताना हूक उजवीकडे सरकला पाहिजे आणि त्यासाठी स्टिअरिंग आरंभी उजवीकडे वळवावे लागते. नवशिक्याचा गोंधळ होतो तो येथेच.

यावर एक सोपी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. मग ट्रॉली ज्या बाजूला न्यावयाची त्याच बाजूला हात न्यावा. तळाचा हात डावीकडे गेला की ट्रॉली डावीकडे जाते. उलटसुलट विचार करण्याची गरज उरत नाही.

सरावाचा क्रम

सरावासाठी पीक निघालेले सपाट रान किंवा मोकळे मैदान निवडावे आणि ट्रॉली रिकामी असावी. प्रथम फक्कीने दोन समांतर रेघा आखून त्यांच्यामधून सरळ मागे जाण्याचा सराव करावा. सर्वांत कमी वेगाचा मागचा गिअर टाकावा आणि इंजिनाची गती कमी ठेवावी. सरळ मागे जाताना ट्रॉली कोणत्या ना कोणत्या बाजूला झुकणारच. ज्या बाजूला ती अधिक दिसू लागेल त्या बाजूला स्टिअरिंग किंचित वळवावे; ती पुन्हा रेषेत येते. ही दुरुस्ती लवकर आणि थोडी करावी. उशिरा केलेली मोठी दुरुस्ती ट्रॉलीला विरुद्ध बाजूला फेकते.

सरळ जाणे साधल्यावर वळण शिकावे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम हूक बाजूला सारून ट्रॅक्टर व ट्रॉली यांत कोन निर्माण करावा. मग स्टिअरिंग हळूहळू विरुद्ध बाजूला नेऊन ट्रॅक्टरने ट्रॉलीच्या मागोमाग वळावे. शेवटी दोन्ही एका रेषेत आणावीत. कोन प्रमाणाबाहेर वाढला तर ट्रॉलीची घडी पडते. ट्रॅक्टरचे मोठे चाक दांडीवर किंवा ट्रॉलीच्या कोपऱ्यावर घासते, दांडी वाकते, प्रसंगी पिन तुटते. अशा वेळी स्टिअरिंगशी झटापट न करता थांबावे, पुढे जाऊन सरळ व्हावे आणि नव्याने आरंभ करावा. कसलेला चालकही हेच करतो. त्यात कमीपणा नाही.

लांब ट्रॉली सावकाश वळते, आखूड ट्रॉली झटकन वळते. त्यामुळे आखूड ट्रॉली सोपी वाटली तरी नवशिक्याला तीच अधिक चकवते.

चार चाकी आणि जोड ट्रॉल्या

चार चाकी ट्रॉलीचा पुढचा आस स्वतंत्रपणे फिरतो. तेथे एक सांधा हुकाशी आणि दुसरा पुढच्या आसापाशी असतो. त्यामुळे दोन चाकी ट्रॉलीचा नियम दुसऱ्यांदा उलटतो आणि चुकीला वाव वाढतो. दोन चाकी ट्रॉलीवर हात बसल्यावाचून तिच्या वाटेला जाऊ नये. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या तर मागे घेण्याचा प्रयत्नच करू नये. मागची ट्रॉली सोडावी किंवा मुळातच पुढून बाहेर पडता येईल अशा जागी जावे.

ओढताना घ्यावयाची काळजी

भार नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारवरूनच ओढावा. मागच्या आसापेक्षा उंच ठिकाणी ट्रॉली जोडली, तर चढावर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो. दोन चाकी ट्रॉलीत भार फार मागे रचला तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते.

ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र असतात. शेतात वळताना ते सोयीचे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे पट्टीने जोडलेलेच असावेत. भरल्या ट्रॉलीसह एकाच बाजूचा ब्रेक लागला तर उलटण्याचा धोका असतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर त्या ट्रॅक्टरला पुढे रेटतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. क्लच दाबून किंवा गाडी न्यूट्रल करून उतरणे म्हणजे भाराच्या स्वाधीन होणे होय.

मागे उभा असलेला माणूस

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट यंत्राची नाही, माणसाची आहे. तोडणीच्या फडात मजुरांची मुले खेळत असतात, कोणी ट्रॉलीच्या सावलीत विसावलेले असते. मागे घेण्यापूर्वी चालकाने खाली उतरून एक फेरी मारलीच पाहिजे. खूण करणारा माणूस एकच असावा. त्याने ट्रॉलीच्या थेट मागे नव्हे, तर बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. तो दिसेनासा झाला की चालकाने तत्क्षणी थांबावे. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्यावरच पिन घालावी, आणि ती निसटू नये म्हणून तिला अटकाव लावावा. दांडीवर बसून कोणालाही प्रवास करू देऊ नये. रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक व दिवा नसेल, तर अंधारात येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

गावाने करावयाचे काम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये १८ वर्षांखालील मुलाला सार्वजनिक ठिकाणी ट्रॅक्टर चालविता येत नाही आणि ट्रॉलीचीही नोंदणी आवश्यक असते. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने हात तयार होत नाही. २ ऑक्टोबरच्या सुमारास भरणारी ग्रामसभा हंगामाच्या तोंडावरच येते. तीत हा विषय घेऊन एखादे मैदान दोन-चार दिवस सरावासाठी राखून ठेवता येईल. गावातील अनुभवी चालकांनी नवख्यांना शिकवावे. पाणंदीची दुरुस्ती करताना ट्रॉली वळविण्यापुरती रुंद जागा सोडावी, म्हणजे मागे घेण्याचे प्रसंगच कमी होतील. साखर कारखान्यांनी गाडीतळावर येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवावी.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. तरफ आणि कोन यांचा पाठ शिकविताना एका पट्टीला दोरीने दुसरी पट्टी जोडून ती मागे ढकलून दाखविली, तर विद्यार्थ्यांना ट्रॉलीचे वागणे कळेल आणि चालत्या ट्रॉलीला लोंबकळणे किती घातक आहे हेही उमगेल.

ट्रॉली मागे घेण्यास लागणारा वेळ फार तर पाच मिनिटांचा असतो. ती पाच मिनिटे सावधपणे खर्च करण्याची सवय गावात रुजली, तर हंगाम संपताना प्रत्येक घरातील माणूस धडधाकट घरी परतेल.