आधी खातं रोखा, मग विचारा

"पैसे कट झाले," एवढंच सांगून फोन करणारा माणूस थांबतो. हैदराबादला हिमायतनगरच्या एका कॉल सेंटरात मी एजंटांसाठी स्क्रिप्ट लिहिते. नांदेड-लातूरकडचे मराठी कॉल ऐकत बसणं हाही माझ्या कामाचाच भाग. या तीन शब्दांमागे कधी एटीएममधून न आलेल्या नोटा असतात, कधी बँकेनं कापलेलं शुल्क, तर कधी खात्यात शिरलेला भामटा. एटीएमचं असेल तर थांबता येतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. भामट्याच्या बाबतीत पाच मिनिटंही थांबता येत नाही.

एका बँकेसाठी चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये हा फरक फार उशिरा यायचा. आधी नाव, जन्मतारीख, नोंदवलेला मोबाइल, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि त्यानंतर तक्रारीचा प्रकार. एका निवृत्त शिक्षिकेचा कॉल मी ऐकला. एजंटनं सगळं शांतपणे विचारलं, "पैसे कट झाले" ऐकून स्क्रिप्टमधली एटीएमच्या प्रश्नांची फांदी निवडली आणि पाच दिवस वाट बघायला सांगितलं. मध्येच बाई म्हणाल्या, "अहो थांबा, आणखी एक मेसेज आला." या वाक्यासाठी स्क्रीनवर कुठलाच पर्याय नव्हता, म्हणून एजंट पुढचा प्रश्न वाचत गेला. पैसे जातच होते. तपासणीत त्या कॉलला पूर्ण गुण मिळाले, कारण स्क्रिप्टची एकही ओळ सुटली नव्हती. मला त्या मुलाला दोष देता येत नाही.

म्हणून स्क्रिप्ट लिहायला बसलात, तर पहिल्याच प्रश्नानं एवढं ठरवा: बोलता बोलता या माणसाचं काही जातंय का? "हा व्यवहार तुम्ही स्वतः केला होता का?" उत्तर "नाही" आलं की जुजबी ओळख पटवून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करा. बाकीची चौकशी नंतर. बंद करायला थोडी ओळख पुरते, कडक पडताळणी पुन्हा सुरू करताना ठेवा. यामागे कायदेशीर कारणही आहे. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं म्हटलं, की ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणजे तक्रार नोंदल्याचं मिनिट महत्त्वाचं. ते एजंटनं बोलून दाखवावं, तक्रार क्रमांक द्यावा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगावं.

सर्वांत तातडीचं आधी विचारायची ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन दलासाठी डॉ. जेफ क्लॉसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणीबाणीच्या कॉलसाठी प्रश्नांची कार्डं तयार केली. आज त्या पद्धतीत पत्ता आणि फोन नंबर सर्वांत आधी घेतात, म्हणजे लाइन तुटली तरी मदत पोचते.

प्रश्नांची भाषाही तपासा. "आपण ओटीपी शेअर केला का?" असं विचारलं की लाजेपोटी "नाही" येतं आणि कॉल चुकीच्या फांदीवर जातो. "कुणाचा फोन आला होता का? त्यांनी काय काय विचारलं?" असं विचारा, माणूस आपणहून सांगतो. मग एजंटनं उत्तरावरून फांदी निवडावी, ग्राहकाला निवडायला लावू नये.

प्रत्येक स्क्रीनवर "यातलं काहीच नाही" ही वाट हवीच. तिथं ग्राहकाचं बोलणं त्याच्याच शब्दांत टिपावं आणि कॉल वरिष्ठाकडे द्यावा. दर आठवड्याला या नोंदी वाचा, नव्या फांद्या तिथूनच मिळतात. आणि तपासणीच्या फॉर्ममध्ये आधी "ग्राहकाचं नुकसान थांबलं का?" हा रकाना घाला. ते थांबवण्यासाठी एजंटनं स्क्रिप्ट सोडली असेल, तर त्याचे गुण कापू नका.