चकचकीत बट आणि स्वस्त गोळ्या

मुलुंडहून दादर, तिथून वरळीची रेंज, अशी दोन वर्षं क्लबच्या रायफलीवर काढल्यावर स्वतःची पॉइंट टू-टू रायफल घ्यायचं डोक्यात आलं. पोलिसांकडून परवाना हातात पडेपर्यंत माझा धीर संपला होता. ओळखीतून एक जुनी रायफल निघाली, नव्याच्या निम्म्या किमतीत. अक्रोडाचा बट असा चकचकीत, की मी तोच बघत राहिलो.

दोन महिन्यांत रिकामी काडतुसं चेंबरमध्ये अडकू लागली. क्लबच्या प्रशिक्षक सरांनी टॉर्च मारून दाखवलं: चेंबरच्या तोंडाशी, कडेला खाच. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवरच बसते. काडतूस न भरता ट्रिगर ओढत राहिलं, तर बऱ्याच जुन्या रायफलींत पिन थेट पोलादावर आपटते. आधीच्या मालकाने घरी बसून तेच केलं असणार. तेव्हा जुनी रायफल बघताना टॉर्च न्या, बट शेवटी बघा.

दुसरी चूक गोळ्यांची. स्वस्त म्हणून जास्त वेगाच्या घेतल्या. त्या आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरपेक्षा, जोरात सुटतात. टार्गेट गाठेपर्यंत आवाजाच्या वेगाखाली उतरतात आणि उतरताना डगमगतात. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. माझ्या गोळ्यांचा ग्रुप पुरीएवढा! मी महिनाभर श्वासाला दोष देत होतो.

कमी वेगाची, साधी टार्गेटची गोळी घ्या. तीही आधी दोन-तीन लॉटची थोडी थोडी. टेकू देऊन पाच-पाच झाडा आणि आपल्या नळीला मानवेल तो लॉट परवान्यात बसेल तेवढा उचला. एकाच कंपनीचे दोन लॉट वेगळे पडतात. प्रोनच्या, म्हणजे पालथं झोपून खेळायच्या, एका मॅचला 60 गोळ्या, वर सराव. खरा पैसा तिथे जातो. हे काडतूस पुन्हा भरताही येत नाही.

नवखा कोणी विचारायला आला, तर मी आधी दहा मीटरच्या एअर रायफलीकडे पाठवतो. 4.5 मिलिमीटरची, 20 जूलपर्यंतची असेल तर परवाना लागत नाही, आणि पेलेट परवडतात. पण पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणल्यापासून सगळ्यांना थेट पन्नास मीटर हवं असतं.

माझी ती रायफल अजून कपाटात आहे. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यातली एक जागा तिने अडवलीय. खाच दाखवली की गिऱ्हाईक उठून जातं, आणि न दाखवता विकणं मला जमत नाही.