घारापुरी : विहारयात्रा की धम्मयात्रा?
(एका बेटाचा एक दिवसाचा अभ्यासपाठ)

परीक्षा संपल्या की आपल्या वारजे परिसरातील घरांमधून एकच विषय निघतो : यंदा सहल कुठे? कुणी गोव्याचे नाव काढतो, कुणी महाबळेश्वरचे. सहलीला जाणे चांगलेच आहे. परंतु सहलीहून परतल्यावर आपल्याजवळ फोटोंव्यतिरिक्त काय उरते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या समुद्रातील घारापुरी या बेटाचा अभ्यास आपण करू या. अभ्यास, चालणे, निसर्ग आणि संस्कृती या चारही गोष्टी तेथे एका दिवसात साधतात.

सम्राट अशोकाची शिकवण

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळच्या सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. या आठव्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि मौज करीत. (येथे ‘विहार’ म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान नव्हे, करमणूक.) अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधी म्हणजे बोधगया येथे जाऊन ही प्रथा बदलली आणि धम्मयात्रा सुरू केली. धम्मयात्रेत तो श्रमण-ब्राह्मणांना भेटे, वृद्धांना भेटून दान देई, ग्रामीण जनतेत जाऊन धम्माविषयी बोले.

ध्यानात घ्या, अशोकाने प्रवास बंद केला नाही. त्याने प्रवासाचा हेतू बदलला. हा लेख आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर कोरलेला होता, ही आपल्यासाठी विशेष गोष्ट आहे.

सहलीचा हक्क

आज आपण तिकीट काढतो आणि कोठेही जातो. हे नेहमीच असे नव्हते. १९३४ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली. तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासातील धुळीने माखलेले हातपाय त्यांनी दाराजवळच्या टाक्यावर धुतले. एवढ्यावरून पाणी बाटवले असा ओरडा झाला, जमाव जमला. शेवटी आत पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, हत्यारी शिपाई सोबत देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात हा प्रसंग नोंदविला आहे.

परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या, १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन समतेचा लढा उभारलेल्या महापुरुषाची ही सहल! म्हणून एखाद्या लेण्यासमोर आपण मोकळेपणाने उभे राहतो तेव्हा तो आपल्याला मिळालेला हक्क आहे, हे विसरता कामा नये. हक्काबरोबर जबाबदारीही येते.

बेटाची ओळख

घारापुरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास आहे. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. पोर्तुगिजांना येथे दगडी हत्ती दिसला, त्यावरून त्यांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले. तो हत्ती आता भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने येथील लेण्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

बेटाला दोन टेकड्या आहेत व त्यांच्यामध्ये अरुंद घळ आहे. पश्चिमेच्या टेकडीवर पाच शैव लेणी आहेत. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप, दोन लेणी आणि पाण्याची टाकी आहेत. यांपैकी एक लेणे अर्धवट राहिलेले आहे. बहुसंख्य प्रवासी पश्चिमेची टेकडी पाहून परत फिरतात. आपलीही बरीच मंडळी तसेच करतात.

पश्चिमेची टेकडी : पुराव्याचा धडा

मुख्य लेण्यातील सुमारे वीस फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती जगप्रसिद्ध आहे. ती अवश्य पाहावी. शिल्पकाराची छिन्नी कोणत्याही धर्माची असो, कौशल्याचा आदर करणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे.

हे लेणे कोणी खोदले, याचा शिलालेख आज तेथे नाही. मग काळ कसा ठरवतात? कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने सापडली. ती नाणी आणि शिल्पांची शैली यांवरून अभ्यासक हे लेणे इ. स. सहाव्या शतकातील मानतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. प्रत्येक लेणे मुळात बौद्धच होते, असे आपल्यातील काही उत्साही बंधू सांगतात. अनेक ठिकाणी ते खरे आहे आणि तेथे ते पुराव्यानिशी ठामपणे मांडलेच पाहिजे. परंतु पुराव्याशिवाय केलेला दावा आपल्या खऱ्या दाव्यांनाही दुबळे करतो. केवळ परंपरेने आले किंवा कोणी थोर माणूस बोलला म्हणून स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तो नियम आपल्या आवडीच्या मतालाही लागू आहे.

पूर्वेची टेकडी : आपला वारसा

पूर्वेच्या टेकडीवरील स्तूप अभ्यासक इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे तो मुख्य लेण्याच्या कित्येक शतके आधीचा. आज तेथे कोरीव तोरण किंवा मूर्ती दिसणार नाही. विटा, माती आणि झुडपे यांचा उंचवटा दिसेल. काही मुले विचारतील, “एवढ्यासाठी चढून आलो?” त्यांना उत्तर द्यावे : होय, एवढ्यासाठीच.

बेटावर स्तूप का असावा? नकाशा पाहा. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची मोठी बंदरे याच किनाऱ्यावर होती. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील दात्यांचा उल्लेख आहे. व्यापारी मार्गांनी माल जाई, त्याच मार्गांनी भिक्खू चारिका करीत. वर्षावासाचे तीन महिने सोडले तर त्यांचे जीवन म्हणजे अखंड प्रवास होता.

टाक्यांकडेही लक्ष द्यावे. चहूकडे खारे पाणी असलेल्या बेटावर पावसाचे गोडे पाणी कातळात साठविले, म्हणून तेथे माणसे राहू शकली. कान्हेरी, कार्ले, भाजे येथेही लेण्यांशेजारी अशी टाकी आहेत. त्यांना पोढी म्हणतात. पाण्याशिवाय विहार नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते.

निसर्ग आणि माणसे

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर चिखल उघडा पडतो आणि तिवरांची श्वसनमुळे वर आलेली दिसतात. कांदळवन लाटांचा मारा झेलते, मासळीच्या पिलांना आसरा देते. घारी, बगळे दिसतात. माकडेही भरपूर आहेत, त्यांना खाऊ देऊ नये.

गावकरी मासेमारी, होड्यांची दुरुस्ती, थोडी भातशेती आणि पर्यटनावर जगतात. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असूनही या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. गावातील एखाद्या वृद्ध आजीशी वा मामांशी बसून बोलावे. जनपदातील माणसांना भेटणे हा अशोकाच्या धम्मयात्रेचाच भाग होता.

दिवसाची आखणी

१. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात लाँच अनियमित असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.
२. वारज्याहून पहाटे निघाल्यास सकाळच्या लाँचने बेटावर पोहोचता येते. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.
३. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. सहलीपूर्वी महिनाभर मुलांना रविवारी टेकडी चढण्याचा सराव द्यावा.
४. स्तूपाची वाट फारशी वहिवाटीची नाही. पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून, गटाने आणि दिवसाउजेडी जावे.
५. स्तूपाच्या विटा हलवू नयेत, तेथे मेणबत्त्या लावू नयेत, दगडावर नावे लिहू नयेत. ‘जय भीम’ हे शब्दसुद्धा लेण्याच्या भिंतीवर नव्हे, आपल्या वागण्यात दिसावेत. स्तूपाजवळ पाच मिनिटे शांत बसून त्रिसरण-पंचशील घेणे पुरेसे आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. विहारयात्रा व धम्मयात्रा यांतील फरक स्वतःच्या एका सहलीच्या उदाहरणाने लिहा.
२. शिलालेख नसताना लेण्याचा काळ कशावरून ठरवतात?
३. कातळातील टाक्यात पाणी कोठून येते? प्रत्यक्ष पाहून आकृती काढा.
४. १९३४ च्या प्रसंगाविषयी घरातील ज्येष्ठांशी बोला. त्यांनाही प्रवासात असा अनुभव आला होता काय, ते नोंदवा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते आपल्या घरातच आहे आणि ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून शक्य असेल तर आजी-आजोबांनाही सहलीला न्यावे. त्यांना पायऱ्या चढवल्या नाहीत तर धक्क्याजवळ सावलीत बसतील, परंतु ज्या पाण्याला कधी हात लावू दिला जात नव्हता, त्याच पाण्याची टाकी आपली नातवंडे मोजत आहेत, हे समाधान त्यांना लाभेल.

भवतु सब्ब मंगलम्!